खडकाची माती

शास्त्रभाग : मत्तय 13:1-9 व 18-23, लूक 13:6-9



पेरणाऱ्याचा दाखला आपल्या मंडळ्यांत जितक्या वेळां वाचला जातो, तितक्या वेळां दुसरा एखादा दाखला क्वचितच वाचला जात असेल. मृग जवळ आला कीं उपदेशक तो काढतात. सुगी आली कीं पुन्हां काढतात. आणि तो वाचून होतो न होतो तोंच ऐकणाऱ्याच्या मनांत एक काम सुरू होतें. तो आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची वांटणी करूं लागतो. अमका वाटेवरची जमीन, तमका खडकाळ, पलीकडची ती काटेरी. आणि आपण स्वतः बहुतकरून चांगली जमीन! मीहि पुष्कळ वर्षें असेंच करीत आलों. म्हणून आज बीं आणि पेरणारा ह्यांविषयीं फार न बोलतां मातीविषयीं बोलावें असें माझ्या मनांत आहे. चांगली जमीन येते कोठून? ती आरंभापासून चांगलीच असते काय? आणि जी आज खडकाळ आहे, ती शेवटपर्यंत खडकाळच राहते काय?

ह्या प्रश्नांचें उत्तर मला प्रथम पुस्तकांत मिळालें नाहीं. तें एका विहिरीच्या कांठावर मिळालें.

मी नवा उपदेशक असतांना ज्या गांवीं होतों, तेथील मंडळींत दोघे सख्खे भाऊ होते. त्यांच्या शेतांमधल्या बांधावरून त्यांचें वांकडें आलें होतें. धाकट्याचें म्हणणें, थोरला दरसाल नांगरतांना बांध कोरतो. थोरल्याचें म्हणणें, बांध मुळांतच आपल्या हद्दींत आहे. प्रभुभोजनाच्या दिवशीं दोघेहि मंदिराच्या दारापर्यंत येत, आणि दुसरा आंत बसलेला दिसला कीं माघारे फिरत. मी थोरल्याकडे पांच-सहा वेळां गेलों. बोललों, वचन वाचलें, प्रार्थना केली. शेवटीं एके दिवशीं तो मला म्हणाला, "मास्तर, दुसरें कांहीं बोलायचें असेल तर बसा, नाहीं तर मला गुरें सोडायचीं आहेत." त्या रात्रीं मीं माझ्या टिपणवहींत त्याच्या नांवापुढें एकच शब्द लिहिला : खडक. आणि त्याच्या घरीं जाणें बंद केलें.

मंडळींत एक वृद्ध वडील होते. सारा गांव त्यांस आबा म्हणे. मी त्या घरचा उंबरा चढत नाहीं, हें त्यांच्या ध्यानांत आलें. ते मला रागावले नाहींत. त्यांच्या शेतांत विहीर खोल करण्याचें काम चाललें होतें, तेथें ते मला घेऊन गेले आणि कांठावर उभे राहून म्हणाले, "मास्तर, तुम्हांला वाचायचा नाद आहे. ही विहीर वरपासून खालपर्यंत वाचा."

मीं खालीं पाहिलें. अगदीं वर हातभर काळी माती. तिच्यांत गवताच्या मुळ्या लोंबत होत्या. तिच्याखालीं चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेली भुरकट माती. तिच्याखालीं मुरूम. मुरुमाखालीं मोठमोठे गोल दगड. त्यांचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटत होते. आणि तळाशीं, सुरुंगावांचून हालणार नाहीं असा काळा पाषाण.

"आतां ह्यांत खडक कोठें संपला आणि माती कोठें सुरू झाली, तें बोट ठेवून दाखवा," आबा म्हणाले.

मला दाखवितां आलें नाहीं. तशी रेघच नव्हती. पाषाण फुटून गोल दगड झाले होते, दगडांचा मुरूम झाला होता, मुरुमाची माती झाली होती. वरची काळी जमीन, जिच्यांत ज्वारी कमरेएवढी वाढली होती, ती त्याच तळच्या खडकाची होती. माती म्हणजे दुसरें कांहीं नसून देवाच्या हातीं बदलत असलेला खडक आहे, हें त्या दिवशीं मीं प्रथम पाहिलें. पुढें ह्या विषयावर जें वाचावयास मिळालें तें मीं वाचलें. त्यांतून चार गोष्टी आपणांपुढें मांडतों.

पहिली गोष्ट : देव खडकाची माती करितो, आणि तो घाई करीत नाहीं.

आपल्या पायांखालचा हा काळा पाषाण एके काळीं अग्निरस होता. सुमारें 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीं भूमीला मोठमोठ्या भेगा पडून तो बाहेर आला, पसरला आणि थिजला. त्याच्यावर दुसरा थर आला, त्याच्यावर तिसरा. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या पायऱ्या दिसतात त्या ह्याच थरांच्या होत. वेरूळ आणि अजिंठा येथील लेणीं ह्याच दगडांत कोरलेलीं आहेत. आजहि सुमारें 5 लाख चौरस किलोमीटर मुलूख ह्या दगडानें व्यापलेला आहे. वर्षांचा हा आंकडा ऐकून कोणी घाबरूं नये. देवाचें घड्याळ आपल्या घड्याळासारखें नाहीं, हें प्रेषित पेत्रानें आपल्या दुसऱ्या पत्रांत मंडळीस बजावून सांगितलेलेंच आहे.

आतां असा दगड फुटतो कसा? देवानें त्याच्यावर मोठा हातोडा उगारला नाहीं. लहान लहान चाकर पाठविले. दिवसा ऊन आणि रात्रीं गारवा, ह्यांनीं दगड प्रसरण पावतो आणि आकसतो, व त्यास बारीक चिरा पडतात. पावसाचें पाणी हवेंतील कर्बवायु शोषून किंचित् आंबट होतें, आणि तें आंबट पाणी चिरांतून आंत शिरून दगडांतील द्रव्यें विरघळवितें. आपल्या बाया मसाल्यांत जें दगडफूल घालतात, त्याच्या जातीची वाढ उघड्या दगडांवर बसते, आणि आपल्या अंगच्या आम्लानें दगडाचा पृष्ठभाग पोखरते. ती मेली, कीं तिचाच चिमूटभर चुरा चिरेंत साठतो. त्यांत गवताचें बीं पडतें. गवताचें मूळ चीर आणखी रुंद करितें. गवत मरतें, कुजतें. त्याच्या कुजण्यावर पुढचें झाड उभें राहतें. एक इंच माती होण्यास अशा रीतीनें शेंकडों वर्षें लागतात.

आणि हें काम करणारे चाकर किती क्षुद्र! चमचाभर चांगल्या मातींत कोट्यवधि सूक्ष्म जीव असतात. चार्लस डार्विन ह्या इंग्रज विद्वानानें गांडुळांविषयींचा आपला पहिला निबंध 1837 सालीं वाचला, आणि त्याच विषयावरचें पुस्तक 1881 सालीं छापलें. मधलीं 44 वर्षें हा विषय त्याच्या मनांतून गेला नव्हता. त्याचा अंदाज असा, कीं इंग्लंडांत पुष्कळ ठिकाणीं एका एकरांतील 10 टनांहून अधिक माती दरसाल गांडुळांच्या पोटांतून जाऊन वर येते. ज्या किड्यास आपण नांगराच्या तासांत पाहून पाहिलें न पाहिलेंसें करितों, तो आपल्या आधीं शेत नांगरीत असतो. तूर, हरभरा, मूग ह्यांच्या मुळांवर ज्या बारीक गांठी दिसतात, त्यांतील जंतु हवेंतला नत्रवायु धरून जमिनीस देतात. जगांत जें हीन व दुर्बळ गणलें जातें, तें निवडून देव आपलें काम करितो, असें पौलानें करिंथकरांस लिहिलें. तें खरें आहे किंवा नाहीं हें पाहावयाचें असेल, तर कुदळीनें एक ढेकूळ फोडावें.

दुसरी गोष्ट : हलकी आणि भारी जमीन एकाच खडकाची असते.

आपल्या मुलखांत माळावर वीतभर मुरमाड जमीन असते, आणि ओढ्याकाठीं पुरुषभर खोल काळी. माळाचा मालक खालीं मान घालून बोलतो; काळ्या रानाचा मालक मिशीवर हात फिरवितो. पण दोहोंखालीं पाषाण एकच आहे. भेद कशानें झाला? उतारानें. माळावर जी माती झाली ती पावसानें धुऊन खालीं नेली, आणि सखल जागीं ठेवली. काळ्या रानाची खोली ही पुष्कळ अंशीं माळाचीच माती आहे. जो आपल्या भारी जमिनीचा गर्व करितो, तो वरच्या शेजाऱ्याच्या अंगावरून आलेल्या ठेवीचा गर्व करितो.

घाटाखालीं जाऊन पाहा. रत्नागिरीकडे पुष्कळ ठिकाणीं मूळचा दगड हाच काळा पाषाण. पण तेथें पाऊस मोठा. त्या पावसानें दगडांतील चुना आणि दुसरीं विरघळणारीं द्रव्यें धुऊन नेलीं. लोखंड आणि ॲल्युमिनियम मागें राहिलें. आणि तांबडा जांभा तयार झाला. देशावर पाऊस कमी, म्हणून चुना मागें राहिला आणि चिकण काळी जमीन झाली. ती उन्हाळ्यांत भेगाळते, वरचीं ढेंकळें भेगांत पडतात, आणि पावसाळ्यांत फुगून ती स्वतःच स्वतःस उलथते. हान्स येनी ह्या विद्वानानें 1941 सालीं मातीच्या घडणीचीं पांच कारणें एकत्र मांडलीं : मूळचा खडक, हवापाणी, तेथील सजीव सृष्टि, जागेचा उतार, आणि काळ. ह्या पांचांपैकीं एकहि कारण ढेंकळाच्या स्वतःच्या हातचें नाहीं.

बंधूंनो, ही गोष्ट मी मुद्दाम लांबवून सांगितली. आपल्यापैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांच्या वांट्यास गांवाची हलकी जमीन आली. कित्येकांच्या वांट्यास हाडोळ्याचा तुकडा आला, आणि कित्येकांच्या वांट्यास तोहि नाहीं. जमिनीसारखेंच त्यांस हलके म्हटलें गेलें. आणि दुःखाची गोष्ट ही, कीं ऐकतां ऐकतां त्यांपैकीं कित्येकांस तें खरें वाटूं लागलें. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांत परमेश्वर मनुष्य घडवितो तो भूमीच्या मातीचा. तेथें राजासाठीं काळी आणि चाकरासाठीं मुरमाड अशा दोन मातीच्या राशी नव्हत्या. सर्व एकाच मातीचे, आणि सर्वांत एकाच देवाचा श्वास. ज्याला कोणी हलका म्हणतो, त्याच्यावरून किती पाऊस वाहून गेला आणि त्याची किती माती कोणाच्या शेतांत जाऊन पडली, हें आधीं विचारावें.

परंतु जो शब्द आपणांस लागला, तोच आपण दुसऱ्यास लावतों. मीं एका भावाच्या नांवापुढें "खडक" लिहिलें, तेव्हां मी हेंच केलें.

तिसरी गोष्ट : मातीच्या घडणींत देवानें मनुष्याचा हात घेतला आहे.

एदेन बागेंत मनुष्यास ठेवतांना दोन कामें सांगितलीं : तिची मशागत करणें आणि तिची राखण करणें. पापाच्या पूर्वींची ती नेमणूक आहे. म्हणून शेतांत घाम गाळणें हें हलकें काम, आणि मंदिरांत बसणें हें पवित्र काम, असा भेद ख्रिस्ती मनुष्यानें करूं नये.

हॉलंड आणि उत्तर जर्मनी येथील कित्येक भागांत जमीन नुसती रेताड होती. तेथील शेतकरी शेंकडों वर्षें माळावरच्या गवतझुडुपांच्या मुळ्यांसकट ढेपा कापून आणीत, गोठ्यांत गुरांखालीं पसरीत, आणि शेणामुतानें भिजल्यावर त्या शेतांत घालीत. एका वर्षांत थर वाढे तो जेमतेम मिलिमीटरभर. पण आजा, बाप, नातू असें करीत गेले, आणि आज कित्येक ठिकाणीं तेथें मीटरभर जाडीची काळसर माती आहे. ती मनुष्यांनीं घातली आहे. दक्षिण अमेरिकेंत अमेझॉन नदीच्या खोऱ्यांत पावसानें निःसत्त्व झालेल्या जमिनींत मधून मधून काळ्या मातीचे तुकडे सांपडतात. त्यांत कोळसा, हाडें, मासळीचे कांटे, फुटकीं मडकीं आणि चुलीचा केर सांपडतो. युरोपांतले लोक तेथें जाण्याच्या कितीतरी शतकें आधीं जीं माणसें तेथें राहिलीं, त्यांच्या वस्तीच्या केरानें ती माती झाली. आणि ती आजहि कसदार आहे. आपल्या घरामागच्या उकिरड्याकडे ह्या दृष्टीनें पाहावें.

आबांचें स्वतःचें शेतहि असेंच होतें. ज्या जागीं मीं हातभर काळी माती पाहिली, तेथें त्यांच्या वडिलांच्या वेळीं कुळवाचा फाळ दगडावर वाजत असे. बापलेकांनीं शेतांतले दगड वेंचून उताराला आडवे बांध घातले. पावसानें वरून आणलेली माती बांधाशीं अडली. उन्हाळ्यांत तळें आटलें, कीं बैलगाडीनें गाळ आणून पसरला. धनगरांचीं मेंढरें रात्रीं शेतांत बसविलीं. असें त्यांच्या वडिलांनीं मरेपर्यंत केलें, आणि पुढें चाळीस वर्षें आबांनीं केलें. आबा म्हणत, "माझ्या बापानें ह्या मातीचें पीक फारसें पाहिलें नाहीं. त्यानें माती पाहिली."

आतां लूकाच्या तेराव्या अध्यायांतील माळी पाहा. धनी म्हणतो, तीन वर्षें झालीं, अंजिरास फळ नाहीं, तें तोडून टाक. माळी झाडाची तरफदारी करीत नाहीं. तो एका वर्षाची मुदत मागतो, आणि त्या वर्षांत आपण काय करणार तें सांगतो : भोंवतालची जमीन खणीन आणि खत घालीन. प्रभूनें दाखला तेथेंच सोडला आहे. झाडास फळ आलें कीं नाहीं, तें सांगितलें नाहीं. माळ्याच्या हातीं कुदळ देऊन प्रभु थांबला.

पेरणाऱ्याच्या दाखल्याकडेहि शेतकऱ्याच्या डोळ्यांनीं पाहावें. वाट ही पूर्वीं शेतच होती. पायांखालीं तुडविली गेली म्हणून ती घट्ट झाली. ती नांगरल्यानें उघडते. खडकाळीवर माती थोडी आहे. पण बांध घातला आणि भर टाकली तर ती वाढते. काटेरी जमीन तर कसदारच आहे, नाहीं तर कांटे इतके माजते ना. तिला खुरपणी पाहिजे. प्रभूनें चार जमिनींचीं नांवें आपणांस सांगितलीं, तीं आपण हात जोडून बसावें म्हणून नव्हे. पडीक नांगरण्याची हांक यिर्मया आणि होशेय ह्या दोघां संदेष्ट्यांनीं दिली आहे, आणि यहेज्केलाच्या छत्तिसाव्या अध्यायांत तर देव स्वतःच आपल्या लोकांचें दगडी हृदय पालटण्याचें वचन देतो.

येथें एक सावधगिरी ठेवली पाहिजे. कुदळ मारल्यानें पीक येत नाहीं. पौलानें लावलें, अपुल्लोनें पाणी घातलें. वाढ देणारा देव. खडक आपल्या बळानें माती होत नाहीं, आणि पापी मनुष्य आपल्या बळानें नवा होत नाहीं. तारण हें कृपेनें आहे. पण ती कृपा बहुतेक वेळां कोणाच्या तरी फोड आलेल्या हातांतून येते.

चौथी गोष्ट : जें घडावयास युगें लागलीं, तें एका रात्रींत जाऊं शकतें.

वॉल्टर लाउडरमिल्क नांवाचे एक अमेरिकन मृदासंधारक होते. त्यांच्या देशांत 1930 नंतरच्या दशकांत गवताळ माळ नांगरून उघडे टाकल्यामुळें आणि अवर्षणामुळें मोठमोठीं शेतें धूळ होऊन वाऱ्यावर उडालीं, आणि हजारों कुटुंबें देशोधडीस लागलीं. पुढें ते पवित्र देशांत गेले. जेथें पूर्वजांनीं डोंगरउतारावर दगडी ताली बांधून द्राक्षमळे केले होते, तेथें ताली ढासळून उघडा खडक वर आलेला त्यांनीं पाहिला. 1939 सालीं यरुशलेमेच्या आकाशवाणीवरून त्यांनीं भाषण केलें, आणि दहा आज्ञांस जोडून भूमीच्या राखणीची अकरावी आज्ञा असावयास पाहिजे होती, असा विचार मांडला. त्यांचा कळवळा खरा होता. पण मला वाटतें, अकरावी आज्ञा निराळी देण्याची गरज नव्हती. एदेन बागेंतील नेमणूक होतीच. आणि लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायांत जमीन परमेश्वराची आहे व तुम्ही तिच्यावर उपरे आहां, हेंहि इस्राएलास सांगितलेलें होतें. सातव्या वर्षीं तिला विसांवा द्यावा अशी आज्ञा होती. कमी होतें तें आज्ञा पाळणारें मन.

हें दूरदेशचेंच बोलणें आहे असें समजूं नये. नीरा नदीच्या खोऱ्यांत कालव्याचें पाणी आलें आणि लोकांस आनंद झाला. परंतु अति पाण्यानें, आणि निचरा नसल्यानें, विसाव्या शतकाच्या आरंभींच कित्येक उत्तम जमिनींवर मीठ फुललें. आज सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकाठच्या हजारों हेक्टर उसाच्या जमिनी क्षारपड झाल्या आहेत. आशीर्वाद मोजून घेतला नाहीं, कीं त्याचेंहि मीठ होतें. ऊस निघाल्यावर पाचट पेटवून देतात. मातीचें जें अन्न तें घटकेंत धूर होतें. लग्नाचें कर्ज फेडण्यासाठीं शेताची वरची माती वीटभट्टीस विकतात. मी त्यांस दोष देऊन मोकळा होत नाहीं. कर्जाचा फांस काय असतो तें मला ठाऊक आहे. पण वरची वीतभर माती गेली, म्हणजे नातवाची भाकर गेली. नाबोथानें आपल्या वाडवडिलांचें वतन राजालाहि दिलें नाहीं, हें ध्यानांत धरावें.

आतां त्या दोघां भावांचें काय झालें तें सांगतों.

त्या वर्षीं हस्ताच्या एका रात्रीं मोठा पाऊस झाला. बांध जेथें कोरून कोरून बारीक झाला होता, तेथेंच फुटला. सकाळीं पाहतों तों थोरल्याच्या शेतांत घळ पडलेली, धाकट्याच्या शेतांत पिकावर दगडगोटे आलेले, आणि दोघांचीहि माती ओढ्याच्या पाण्यांत तांबूस-काळी होऊन चाललेली. ओढ्याला बांधाची हद्द ठाऊक नव्हती; त्यानें दोघांचें सारखेंच नेलें. दोघे भाऊ आपापल्या बाजूस उभे राहून पाहत होते. कोणी बोलेना.

तेवढ्यांत आबा पाटी आणि फावडें घेऊन आले. सत्तरीच्या पुढचे गृहस्थ. त्यांनीं कोणास बोध केला नाहीं. घळींत उतरले आणि एक एक दगड उचलून फुटलेल्या जागीं रचूं लागले. मलाहि लाज वाटून मी खालीं उतरलों. थोड्या वेळानें धाकटा आला. बऱ्याच वेळानें थोरला आला. दोन प्रहरपर्यंत चौघांनीं मिळून काम केलें, आणि दगडमातीखेरीज दुसऱ्या कशाविषयीं शब्द निघाला नाहीं. मग पायाचा दगड बसवितांना थोरला धाकट्यास म्हणाला, "असा नको. दोन तासें माझ्याकडे आलीं आहेत. जुन्या खुणेवर धर."

एवढेंच. त्यानें क्षमा मागितली नाहीं, आणि धाकट्यानेंहि गळ्यांत हात घातला नाहीं. पुढच्या प्रभुभोजनाला ते आले असें मी सांगितलें तर तें खोटें होईल. दोन वर्षें गेलीं. त्या दोन वर्षांत मी पुन्हां त्या घरीं जाऊं लागलों, आणि बहुतेक वेळां नुसता बसून आलों. मग एका रविवारीं दोघे एका बांकावर, मध्यें एक मूल बसवून, बसलेले मीं पाहिले, आणि भाकर मोडतांना माझा हात कांपला. देव त्या खडकाजवळ सबंध वेळ काम करीत होता. काम सोडून गेलों होतों तो मी.

म्हणून उपदेशक बंधूंनो, तुमच्याहि टिपणवहींत असा एखादा शब्द कोणाच्या नांवापुढें लिहिलेला असेल, तर ह्या आठवड्यांत त्या घरीं जा. बोलणें सुचलें नाहीं तर त्याचें काम हातीं घ्या. फळ तुमच्या बदलीच्या आधीं दिसेलच असें नाहीं. आबांच्या वडिलांनींहि पीक पाहिलें नाहीं, माती पाहिली.

आणि शेतकरी बंधुभगिनींनो, ज्याचा बांध तुम्हीं कोरला असेल, त्याची खूण पावसाच्या आधीं परत द्या. नांगरट उताराला आडवी करा. पाचट आणि पालापाचोळा पेटवूं नका, खड्ड्यांत कुजवा. ज्यांस स्वतःची जमीन नाहीं, त्यांनींहि दुसऱ्याच्या शेतांत काम करितांना ती देवाचीच आहे असें समजून करावें. आणि ज्या कोणास वाटत असेल, कीं माझें मन आतां दगड झालें, प्रार्थना येत नाहीं, रडूंहि येत नाहीं, त्यानें उद्यां आपल्या शेजारच्या विहिरींत डोकावून पाहावें, आणि खडकावर दगडफूल धरविणाऱ्या देवास आपलें नांव सांगावें.

आपण प्रार्थना करूं या.

हे स्वर्गीय बापा, तूं आम्हांस मातीचें घडविलेंस आणि आमची राखण केलीस. आम्हीं ज्यांस खडक म्हणून सोडून दिलें, त्यांची आम्हांस आठवण दे. आमच्यांतील जें कठीण आहे, तें तुझ्या पावसानें आणि तुझ्या वेळानें मऊ कर. आमचे बांध सरळ कर. आमच्या मुलांसाठीं ही जमीन आमच्या हातून राखून घे. आणि तुझें वचन आमच्यांत पडेल, तेव्हां त्यास रुजावयास माती मिळूं दे. प्रभु येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.